'कंक्टेशन' आणि आपली शंका

इंग्रजीत 'कंक्टेशन' असा एक शब्द आहे. मोठ्या शब्दकोशाबाहेर तो सहसा भेटत नाही. अतिसावधपणापायी कामाला हात न घालता रेंगाळत राहणे, हा त्याचा अर्थ. असल्या शब्दाशी आपले काय नाते, असे कोणालाही वाटेल. पण मूळ शोधू लागलो, तेव्हा नाते निघाले ते थेट घरातलेच!

लॅटिनमधील 'कुंक्तारी', म्हणजे कचरणे, यावरून हा शब्द आला. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत 'शङ्क्' धातूशी जोडतात. म्हणजे कंक्टेशन आणि आपली शंका एकाच मुळाच्या! त्या आद्य मुळाचा अर्थ 'लटकणे' असा मानतात. आपणही जीव टांगणीला लागला असे म्हणतोच की!

मात्र या शब्दाच्या घराण्यात एक थोर पुरुषही आहे. इ. स. पू. 217 मध्ये हॅनिबलने त्रासिमेनो सरोवराकाठी रोमन फौज कापून काढली, तेव्हा रोमने फेबियस मॅक्सिमसच्या हाती सर्वाधिकार दिले. त्याने समोरासमोरची लढाई टाळली. डोंगराच्या आश्रयाने शत्रूच्या मागावर राहून त्याची रसद तोडायची. परमुलखातल्या हॅनिबलला वेळ परवडणार नाही, हा त्याचा हिशेब. अधीर रोमनांनी त्याला 'कुंक्तातोर', म्हणजे रेंगाळ्या, म्हणून हिणवले. पुढच्याच वर्षी कॅनीच्या मैदानात उतावळ्या रोमची हजारो माणसे एका दिवसात पडली आणि तीच शिवी सन्मानाची पदवी ठरली. 1884 मध्ये लंडनमध्ये निघालेल्या फेबियन सोसायटीने नाव घेतले ते याच फेबियसचे.

मित्रहो, फेबियस थांबला. पण आपण कशासाठी थांबलो आहोत, हे त्याला पक्के ठाऊक होते. आपण वर्गात गप्प बसतो ते कशासाठी? तास संपताना 'काही शंका?' असा प्रश्न येतो आणि सारा वर्ग वह्या मिटू लागतो. शंका नसते असे नाही; प्रश्न चुकला तर लोक हसतील, ही धास्ती असते. प्राध्यापकांची क्षमा मागून म्हणतो, 'हे परीक्षेला येणार नाही' असे उत्तर एकदा मिळाले, की तो हात पुन्हा वर होत नाही.

शंका मनात कोंडली तर माणूस लटकत राहतो, विचारली तर ज्ञानाची वाट उघडते. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, हे समजू शकते. आपण मात्र दूध चाखण्याआधीच ताक फुंकीत बसलो आहोत!