गाइडात कोंडलेले राज्यशास्त्र

मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह राज्यातल्या अनेक महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळपास चार वर्षे या शहरांना नगरसेवकच नव्हते. नेमक्या याच काळात राज्यशास्त्र घेऊन बी. ए.ला बसलेली मुलांची एक अख्खी पिढी पहिल्या वर्षाला आली आणि पदवी घेऊन बाहेरही पडली. त्यांनी ७४वी घटनादुरुस्ती पाठ केली. पालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे बजावणारा २४३-यू हा अनुच्छेद उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळवले. आपल्याच शहरात तो चार वर्षे कसा काय गुंडाळून ठेवला गेला, यावर किती वर्गांत चर्चा झाली, याचे उत्तर राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी आणि शिकवण्याची व्यवस्था पाहणाऱ्यांनी प्रामाणिकपणे द्यावे.

ओबीसी आरक्षण, मार्च २०२१चा विकास गवळी खटल्याचा निकाल, त्या आरक्षणासाठीची तिहेरी चाचणी, प्रभागरचनेचे बदलते कायदे, त्यावरच्या याचिका आणि अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे दिलेले आदेश, असा हा लांबलेल्या निवडणुकांचा सगळा प्रवास आहे. स्थानिक स्वराज्य, सामाजिक न्याय, न्यायपालिका आणि केंद्र-राज्य संबंध हे अभ्यासक्रमातले चार धडे त्यात एकत्र येतात. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? पण प्रयोगशाळेचे दार उघडायला माणूस लागतो आणि मोकळीकही लागते. आपल्या विद्यापीठांत आज या दोन्हींची वानवा आहे. ही बाब एका विषयापुरती नाही, म्हणूनच वेळीच धोक्याची घंटा वाजवणे भाग आहे.

तालुक्याच्या ठिकाणच्या कोणत्याही वरिष्ठ महाविद्यालयाबाहेरचे पुस्तकांचे दुकान पाहा. परीक्षेच्या आधी तिथे संदर्भग्रंथ विकत घेणारा सापडत नाही; अपेक्षित प्रश्नसंचांचे गठ्ठे मात्र संपतात. ‘भारतीय संविधानाची वैशिष्ट्ये स्पष्ट करा’, ‘राष्ट्रपतींचे अधिकार व कार्ये लिहा’, शेवटी टिपा. वर्षे उलटली, अभ्यासक्रमांची नावे बदलली, सत्र पद्धत आली, तरी या प्रश्नांचा साचा हलला नाही. दुसऱ्या टोकाला पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आहेत. तिथे राज्यशास्त्र म्हणजे ‘लक्ष्मीकांत’. एम. लक्ष्मीकांत यांचे पुस्तक स्पर्धा परीक्षेसाठी उपयुक्त आहे, याबद्दल दुमत नाही. अधिकारी होण्याचे स्वप्न बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला दोष देण्याचाही प्रश्न नाही. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली असून वैकल्पिक विषयांत राज्यशास्त्र आहे, त्यामुळे विषयाकडे वळणारी मुले वाढतील. मात्र कलमे तोंडपाठ असलेला उद्याचा तहसीलदार सत्ता कशी चालते, कुणाच्या सोयीने चालते आणि तिला जाब कसा विचारायचा, हे शिकलेला नसेल, तर त्याची किंमत गावागावातला सामान्य माणूस मोजणार आहे.

पक्षांतरबंदीचेच घ्या. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टावर गुण-दोषांसह टीप लिहा, असा प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला जातो. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीत फूट पडली, तेव्हा ते परिशिष्ट महाराष्ट्राच्या अंगणात जिवंत होऊन उभे राहिले. मूळ पक्ष कोणता, विधिमंडळ पक्ष कोणता, प्रतोद नेमायचा कुणी, अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी किती दिवसांत द्यायचा? ११ मे २०२३च्या घटनापीठाच्या निकालात यातल्या कित्येक प्रश्नांचा ऊहापोह आहे. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी दिलेला निर्णयही उपलब्ध आहे. हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून चार तासिका घेतल्या, तर मुलांना जे कळेल ते दहा गाइडे वाचून कळणार नाही.

महाराष्ट्रात या शास्त्राची परंपरा क्षीण होती, असेही नाही. मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागात १९४२च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या उषा मेहता शिकवत होत्या. पुणे विद्यापीठाच्या व. म. सिरसीकरांनी १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार कसा वागतो, याचा अभ्यास केला. त्याच वर्षी जिल्हा परिषदा आल्या. ग्रामीण भागात उभ्या राहणाऱ्या नव्या नेतृत्वाचाही सिरसीकरांनी वेध घेतला. नागपुरात भा. ल. भोळे होते. य. दि. फडके यांनी विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा खंड-खंड करत इतिहास मांडला. १९९५ साली युतीचे सरकार आले, तेव्हा राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांनी ‘महाराष्ट्रातील सत्तांतर’ लिहून मराठी वाचकाला त्याचा अर्थ समजावून दिला. पळशीकर आणि नितीन बिरमल यांनी संपादित केलेल्या ‘महाराष्ट्राचे राजकारण’ या ग्रंथाने राजकीय प्रक्रियेचे स्थानिक संदर्भ तपासले. हे सारे विद्यापीठातल्या माणसांनी केले आणि त्यातले पुष्कळसे मराठीत केले.

आता आजचे चित्र पाहा. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीने ४८पैकी ३० जागा जिंकल्या आणि सहा महिन्यांच्या आत विधानसभेच्या २८८पैकी २३०च्या वर जागा महायुतीने पटकावल्या. इतका मोठा उलटफेर का झाला, यावर वाहिन्यांवर कंठशोष भरपूर झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून, मतदारांशी बोलून, आकडे तपासून मराठीत लिहिलेला सविस्तर अभ्यास मात्र सामान्य वाचकाच्या हाती फारसा पडत नाही. राज्याच्या राजकारणात एवढी उलथापालथ चालू असताना तिची शास्त्रशुद्ध नोंद ठेवणारी यंत्रणाच खिळखिळी होत असेल, तर उद्याच्या महाराष्ट्राला आजचा महाराष्ट्र पक्षांच्या जाहिरातींतून आणि समाजमाध्यमांवरच्या अफवांतून वाचावा लागेल.

यंत्रणा खिळखिळी होण्याचे पहिले कारण रिकाम्या खुर्च्या. वरिष्ठ महाविद्यालयांतली सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला शासनाने २०१८ साली मंजुरी दिली. त्यातली उरलेली २,०८८ पदे भरण्यासाठी २०२१ मध्ये नव्याने परवानगी द्यावी लागली. दरम्यान शिकवण्याचे काम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी ओढले. सेट-नेट उत्तीर्ण, अनेकदा पीएच.डी. झालेला हा माणूस सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी एसटीने दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात तास घेतो. मानधन महिनोन्‌महिने रखडते, सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. त्याच्याकडून आम्ही संशोधनाची, क्षेत्रभेटींची आणि निर्भीड चर्चेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

दुसरे कारण भीती. मे २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या व्यंगचित्रावरून वाद पेटला. मुख्य सल्लागार असलेल्या पळशीकरांनी आणि योगेंद्र यादवांनी राजीनामा दिला, तरीही पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. २०२३ मध्ये त्याच पुस्तकांतून मजकूर कापला गेला, तेव्हा आपली नावे त्यांवरून काढा, असे या दोघांनी कळवले. मे २०२५ मध्ये हरियाणातल्या अशोका विद्यापीठाचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक अली खान महमूदाबाद यांना समाजमाध्यमावरच्या मजकुरासाठी अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम जामीन दिला. सरकारे वेगवेगळी होती, निमित्तेही वेगळी होती. जिल्ह्याच्या गावातल्या कंत्राटी प्राध्यापकापर्यंत पोहोचणारा निरोप मात्र एकच: वर्गात चालू राजकारणाचे नाव काढू नका, अ‍ॅरिस्टॉटलवर थांबा. ज्या अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत अनेक नगरराज्यांच्या राज्यघटना गोळा करून त्यांचा अभ्यास झाला, त्याच्याच नावाने वर्तमानाकडे पाठ फिरवण्याची वेळ यावी, ही शोकांतिका आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने ‘मेजर-मायनर’ची रचना आणली. राज्यशास्त्र मुख्य विषय म्हणून न घेणाऱ्यांच्या वाट्याला आता त्याचे मोजकेच श्रेयांक येतात आणि कार्यभार घटला की पद जाते, ही धास्ती खरी आहे. मात्र याच धोरणात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही श्रेयांक आहेत. ही संधी फाइलींच्या कागदांत वाया घालवू नये. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. विद्यार्थ्याने आपल्याच गावच्या ग्रामसभेला बसावे. गणपूर्ती झाली का, बायका किती आल्या आणि बोलल्या किती, लाभार्थ्यांची यादी कुणी वाचली, प्रत्यक्षात जे घडले ते इतिवृत्तात उतरले का, हे टिपून आणावे. पंचवीस गावांच्या अशा पंचवीस वह्या एका वर्गात उघडल्या, तर पंचायत राज शिकवायला दुसरे पुस्तक लागणार नाही.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. शासनाने रिक्त पदे कालबद्ध रीतीने पूर्णवेळ भरावीत आणि तोवर तासिका प्राध्यापकांचे मानधन दर महिन्याला द्यावे. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी प्रश्नपत्रिकांचा साचा मोडावा; निम्मे प्रश्न तरी गाइडातून उत्तर देता येणार नाही असे असावेत. मराठीतून होणाऱ्या गंभीर संशोधनाला विद्यापीठांनी प्रकाशनाचा आधार द्यावा. वर्गातल्या अभ्यासपूर्ण चर्चेमुळे प्राध्यापकावर झुंड चालून आली, तर कुलगुरूंनी त्याच्या बाजूने उभे राहावे. प्राध्यापकांनीही पक्षाचा प्रचार आणि राजकारणाचा अभ्यास यांतली रेघ कसोशीने पाळावी. त्यांची विश्वासार्हता हेच त्यांचे पहिले संरक्षण आहे.

आणि पालकांना, मतदारांना एक विनंती. ‘राज्यशास्त्र घेऊन काय करणार?’ असे आपल्या मुलीला विचारण्याआधी आपल्या महापालिकेचा, जिल्हा परिषदेचा गेल्या चार वर्षांचा कारभार आठवा. मत देण्याचा आपला हक्क तारखांवर तारखा पडत लांबत गेला आणि आपल्यातल्या फार थोड्यांनी त्याचा जाब विचारला. तो जाब कायद्याच्या आधाराने, पुराव्यानिशी विचारणारी माणसे राज्यशास्त्राच्या वर्गातच घडू शकतात. ते वर्ग वाचवण्याची जबाबदारी सरकारइतकीच आपलीही आहे.