करवत घेण्यापूर्वी

औराद तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आमच्यापुढे आहे. वाटणीत त्यांच्याकडे साडेचार एकर जमीन आली. परंतु घरची मंडळी नोकरीनिमित्त हैदराबाद-पुण्याकडे पांगल्यामुळे बारा-तेरा वर्षे तिच्यात नांगर चालला नाही आणि आज तिच्यावर वेड्या बाभळीचे रान माजले आहे. निवृत्त होऊन ते आता गावी परतले आहेत. मृगापूर्वी निदान निम्मी जमीन मोकळी करून तूर पेरावी आणि निघालेले लाकूड न्हाणीघराच्या चुलीला वर्षभर पुरावे, असा त्यांचा बेत आहे. त्यासाठी पेट्रोलवर चालणारी करवत कोणती घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे. शाळामास्तराला हे विचारावे याचे कोणास नवल वाटेल. पण सीमाभागातील मास्तरांना कज्जांच्या अर्जापासून विहिरीच्या मोटारीपर्यंत सर्व विषय चालवावे लागतात, हे आमच्या वाचकांना नवे नाही.

पत्रात दोन कामे एकत्र आली आहेत, ती आधी वेगळी केली पाहिजेत. लाकूड कापणे हे एक काम आणि रान मोडणे हे दुसरे. करवत पहिले काम उत्तम करते; दुसरे ती एकटी करूच शकत नाही. हे ध्यानात न घेता जो करवत घेऊन शेतात उतरतो, त्याचे शेत पहिल्या पावसानंतर पूर्वीपेक्षा दाट झालेले असते.

याचे कारण त्या झाडाच्या स्वभावात आहे. वेडी बाभूळ, जिला आमच्या कानडी शेजाऱ्यांत बळ्ळारी जाली म्हणतात, ती मूळची या देशाची नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतून हे झाड इकडे आले आणि १८७७ च्या सुमारास कडप्पा भागात त्याची लागवड झाली. ओसाड जमिनीवर सरपण व्हावे, हा हेतू चांगलाच होता, आणि सरपण म्हणून हे लाकूड खरोखर उत्कृष्ट आहे. त्याचा कोळसाही कडक पडतो. परंतु त्याच्या गोडसर शेंगा गुरे-शेळ्या आवडीने खातात, न पचलेले बी शेणातून रानोमाळ पसरते आणि वर्षानुवर्षे मातीत टिकून राहते. शिवाय या झाडाचा प्राण खोडात नाही. तो जमिनीच्या किंचित खाली, मुळाच्या माथ्याशी असतो. वरचे खोड छाटले की तेथून धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. एक झाड तोडावे आणि त्याचे झुडूप मिळावे, असा हा व्यवहार आहे.

तेव्हा रान मोडायचे तर मुळाचा माथा वीत-दीड वीत खोलीपासून उपटूनच काढला पाहिजे. दोन-चार झाडे असतील तर कुदळ आणि पहार पुरते. एकरांचा प्रश्न असेल तर जेसीबी बोलवावा लागतो. करवतीचे काम त्याच्या आधी आणि नंतर. आधी फांद्या उतरवून खोड कमरेच्या उंचीवर कापावे. अनेकजण हौसेने ते जमिनीसरसे कापतात, हे दोन्ही अंगांनी वाईट. उंच बुंधा राहिला तर जेसीबीला उपटायला पकड मिळते. आणि जमिनीलगत कापताना साखळी मातीत वा खड्यात शिरली, तर एका क्षणात तिची धार जाते. नंतर आडव्या पडलेल्या लाकडाचे ओंडके करावेत. त्यानंतरही दोन-तीन पावसाळे बियांतून उगवणारी रोपे कोवळेपणीच उपटत राहावे लागेल.

आता करवतीकडे येऊ. तालुक्याच्या गावी अवजारांच्या दुकानांत गेलात की ५८ सी.सी.चे इंजिन आणि २२ इंची पाते असलेले यंत्र प्रथम पुढे केले जाईल. किंमत कमी, आकार दणकट, आणि आपल्याकडे मोठे ते चांगले ही समजूत जुनीच आहे. पण वेड्या बाभळीची खोडे बहुधा मनगटापासून मांडीएवढी जाड असतात. तिच्यासाठी १४ ते १६ इंची पाते आणि ३५ ते ४५ सी.सी.चे इंजिन पुरेसे आहे. असे यंत्र पाते, साखळी आणि भरलेली टाकी धरून सहा किलोंच्या आसपास भरते. दुकानात दोन मिनिटे उचलून पाहण्यात आणि वैशाखाच्या उन्हात वाकून दोन तास चालवण्यात फार अंतर आहे. हात दमला की पाते डगमगते आणि अपघात तेथेच होतो. साठीच्या माणसाने तर एक किलो वजनासाठीही घासाघीस करावी. विजेवरची करवत हलकी आणि कमी कटकटीची. मात्र तिचे क्षेत्र अंगणापुरते, कारण बांधावर प्लग नसतो.

यंत्राची जात पाहण्याआधी दुकानदाराची पाहावी. त्याच्याकडे त्याच मापाची साखळी, गाळणी, प्लग आणि सुरू करण्याची दोरी शिल्लक आहे का? दुरुस्ती तेथेच होते की बिदरला धाडावी लागते? ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत ते स्वस्त यंत्र पेरणीच्या तोंडावर अडगळीत पडते.

खरे काम करते ती साखळी. १९४६ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जो कॉक्स नावाच्या गृहस्थाने लाकडे फोडताना ओंडक्यातील एका भुंग्याची अळी पाहिली. लाकडाच्या उभ्याआडव्या रेषांची पर्वा न करता ती डावीउजवीकडे कुरतडत पुढे जात होती. तिच्या जबड्याच्या धाटणीवर त्याने साखळीचे दात बनवले आणि आजच्या साखळ्यांचा आकार त्यावरूनच आला आहे. डावाउजवा दात आलटूनपालटून लाकडाची साल काढल्यासारखे कापतो, त्यामुळे धारदार साखळी कपचे पाडते. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली, असे समजून थांबावे. जोर देऊन कापणे म्हणजे इंजिन आणि मनगट दोन्ही झिजवणे. साखळीच्या मापाची गोल कानस करवतीबरोबरच विकत घ्यावी आणि प्रत्येक दाताला सारख्याच घासण्या द्याव्यात. एका बाजूचे दात अधिक घासले तर काप वाकडा जातो.

आता जिवाची गोष्ट. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग फिरत असताना लाकडाला टेकला, तर पाते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. वेड्या बाभळीच्या गचपणात आडवी फांदी टोकाला केव्हा लागेल याचा नेम नाही. म्हणून आधी कोयत्याने वाट मोकळी करावी. पुढच्या दांडीला डाव्या हाताचा अंगठा खालून वेढलेला हवा. पुढचा हातरोधक ढकलला की साखळी थांबते, हे दुकानातच तपासावे. इंजिन मंद चालत असता साखळी फिरत असेल तर ते यंत्र घेऊ नये. खांद्याच्या वर करवत उचलू नये, शिडीवर चढून तर नाहीच. धोतर, उपरणे, सैल सदरा घरी ठेवावा. जाड विजार, बंद बूट, डोळ्यांना चष्मा आणि कानांना झाकण असावे. या झाडाचा काटा साधी चप्पल भेदून पायात शिरतो. एकट्याने कधीही काम करू नये. तरुण मुलगा हौसेने करवत मागेल, तेव्हा सोबतची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते, ती त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेऊन मराठीत सांगायला लावावी. मास्तरकीची ही सवय येथे उपयोगी पडते.

उभे झाड पाडणे हे निराळे शास्त्र आहे. पडायच्या बाजूने खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खाच घ्यावी, मागून कापत यावे आणि मध्ये जाडीच्या दहाव्या भागाएवढी पट्टी बिजागरीसारखी शाबूत ठेवावी. ती पूर्ण कापली की झाड कोणाचे ऐकत नाही. विजेची तार, विहीर वा गोठा जवळ असेल तर हे काम जाणत्या लाकूडतोड्यालाच द्यावे.

आणि बांधावरचा जुना कडुनिंब, चिंच वा आंबा? कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली स्वतःच्या जमिनीतील झाडालाही परवानगी लागू शकते. वन खात्याच्या कचेरीत झाडाचे नाव सांगून आधी विचारावे. हाती करवत आली की दृष्टीला प्रत्येक झाड सरपण दिसू लागते, हा तिचा एक दोष पुस्तिकेत लिहिलेला नसतो.

पत्रलेखकांना आमचा सल्ला असा. यंदा करवत विकत न घेता यंत्रासह माणूस रोजाने लावावा, जेसीबीचे दोन दिवस त्याच्याशी जुळवून घ्यावेत आणि पैसा तिकडे खर्चावा. पुढे वर्षातून आठ-दहा दिवस सरपणाचे काम निघत असेल तर मग १६ इंची करवत घरात असावी. कोळसा पाडणारे लाकडाच्या बदल्यात रान तोडून देतो म्हणतील. पण मुळे कोण काढणार हे आधी ठरवावे, नाहीतर ते खोडे नेतील आणि धुमारे तुमच्या वाट्याला येतील.

करवत घेतलीच तर पेट्रोलमध्ये टूटी तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणातच घालावे. ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४०. साखळीचे तेल निराळे, त्याची टाकी निराळी. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून मृगाच्या सरी येण्यापूर्वी टाकी रिकामी करावी, आत उरलेले पेट्रोल इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत जाळावे आणि करवत कोरड्या जागी, चुलीपासून दूर ठेवावी.