शुद्ध पाणी : यंत्र हवे की दाब?



अकरावीच्या वर्गात मी ‘द्रवाचा दाब’ हा पाठ शिकवीत होतो. फळ्यावर पाण्याच्या स्तंभाचे चित्र काढून झाले, सूत्र लिहून झाले, आणि घाटकोपरच्या एका टेकडीवरील वस्तीत राहणारा मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, आमच्याकडे पाणी पहाटे दोन तास येतं. पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ येतं, आई ते सोडून देते. शुद्धीकरण केंद्रात पाणी शुद्ध करतात असं आपण शिकलो. मग आमच्या नळापर्यंत येताना ते बिघडतं कसं?”

प्रश्न ऐकून वर्गात थोडे हसू झाले. मला मात्र तो फार मोलाचा वाटला, कारण त्याचे उत्तर फळ्यावरच्या त्या सूत्रातच होते. उपनगरांत शुद्ध पाण्याचा विषय निघाला, की आपण लगेच यंत्रांविषयी बोलू लागतो. कोणते घ्यावे, केवढ्याचे घ्यावे? माझे मत निराळे आहे. शुद्ध पाण्याचा प्रश्न आधी नळातील दाबाचा आहे, यंत्राचा नंतर. असे मी का म्हणतो, ते पाहा आणि पटते का ते तुम्हीच ठरवा.

प्रथम पाणी येते कोठून ते पाहू. विहार तलावाचे पाणी मुंबईला १८६० मध्ये मिळू लागले. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा आला. त्यानंतर मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. या सात तलावांतून शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यातील मोठा भाग भांडुप येथे शुद्ध होतो. तेथे तुरटीसारखी द्रव्ये घालून गाळ खाली बसवितात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन घालतात. क्लोरीन मुद्दामच थोडा जास्त घालतात, म्हणजे वाटेत एखादा जंतू शिरला तरी तो मरावा. भारतीय मानकाप्रमाणे नळाशी पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो.

आता नळाच्या पाइपाचा विचार करा. जमिनीखालच्या जुन्या पाइपांना बारीक भोके, सैल जोड असतातच. पाइपात दाब असेपर्यंत या भोकांतून पाणी बाहेर येते. पाणी वाया जाते खरे, पण आत घाण शिरत नाही. पाणी बंद झाले, की टेकडीवरच्या पाइपातील पाणी उतारावरच्या नळांकडे ओघळते. मागे राहिलेल्या भागातील दाब हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. अशा वेळी पाइप गटाराशेजारून गेला असेल, तर गटाराचे पाणी भोकांतून आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले, की ती घाण पहिल्या लोंढ्याबरोबर घरात येते. त्यातच पाणी नीट येत नाही म्हणून कोणी थेट पाइपालाच मोटार जोडतो. मोटार पाणी खेचते, शेजारच्यांचा दाब आणखी घटतो आणि गटारही खेचले जाते.

हे तुम्ही शाळेत करून पाहू शकता. सलाइनची वापरलेली पारदर्शक नळी घ्या, धुवा आणि मध्यभागी गरम टाचणीने दोन-तीन भोके पाडा. हा भाग टेबलावर निळीचे पाणी घातलेल्या ताटात बुडवून ठेवा. नळीचे एक टोक उंचावरील पाण्याच्या बादलीत सोडा, दुसरे टेबलाखाली लोंबू द्या आणि चिमटीत बंद करा. नळीत दाब असल्याने नितळ पाणी भोकांतून ताटात येईल. आता वरचे टोक चिमटीत दाबून बंद करा आणि खालचे सोडा. काही क्षणांतच नळीतून निळे पाणी खाली वाहू लागेल. त्या मुलाच्या प्रश्नाचे हेच उत्तर.

हे केवळ ताटातले शास्त्र नाही. आपल्या सीमेलगतच्या हुबळी-धारवाडात काही भागांना चोवीस तास पाणी देण्यात आले आणि बाकीच्या भागांना पूर्वीप्रमाणे काही दिवसांच्या अंतराने मिळत राहिले. संशोधकांनी दोन्हीकडच्या पाण्याची तुलना करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. थांबून थांबून येणाऱ्या पाण्यात मैलाजन्य जंतू जास्त वेळा आढळले. २०१५ मध्ये त्याच शहरांतील मुलांच्या आरोग्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या जुलाबांत दोन्हीकडे फारसा फरक दिसला नाही, कारण जंतू हातांवरून आणि अन्नातूनही येतात. परंतु विषमज्वर चोवीस तास पाण्याच्या भागांत कमी होता, आणि तेथील गरीब घरांतील लहान मुलांत रक्ताची हगवणही कमी होती. म्हणजे अखंड पाण्याचा लाभ कोणाला अधिक झाला, ते ध्यानात घ्या.

“पण प्रत्येकाने आपापल्या घरी पाणी शुद्ध करून घ्यावे, सोपे आहे,” असे कोणी म्हणेल. किती सोपे आहे ते मोजू या.

उकळणे हा उत्तम उपाय. उन्हाळ्यात पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी निदान १० लिटर पाणी लागते. ते २८ अंशांवरून १०० अंशांपर्यंत नेण्यास ७२० किलोकॅलरी उष्णता हवी. एक किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात. त्यातील निम्म्या भांड्याला लागल्या असे धरले, तर रोज १३० ग्रॅम, म्हणजे महिन्याला जवळजवळ चार किलो गॅस केवळ पाण्यासाठी जळतो. १४.२ किलोच्या सिलिंडरचा हा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग झाला. मोलमजुरी करणाऱ्या आईला “पाणी उकळून प्या” असे सांगण्यापूर्वी हा हिशेब आपण करतो का?

उन्हाचा उपाय पाहा. स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून ती सहा तास कडक उन्हात ठेवली, तर अतिनील किरण आणि उष्णता मिळून बहुतेक जंतू मारतात. बैरूत येथील विद्यापीठात १९८० च्या सुमारास यावर काम झाले. उष्ण देशांत हा उपाय फार उपयोगी पडतो. परंतु मुंबईत कावीळ, हगवण आणि विषमज्वर डोके वर काढतात ते पावसाळ्यात, आणि नेमका तेव्हाच सूर्य ढगांआड असतो!

आर. ओ. यंत्राला वीज लागते, दाब लागतो आणि एक लिटर पाणी देताना ते दोन-तीन लिटर पाणी टाकून देते. ते मुख्यतः पाण्यातील क्षार काढण्यासाठी आहे. आपल्या तलावांच्या पाण्यात क्षार मुळातच थोडे. डोक्यावरून हंडा आणणाऱ्या घराने त्यातले अर्ध्याहून अधिक पाणी मोरीत सोडावे काय?

राहिले क्लोरीनचे द्रावण वा गोळ्या. हा सर्वांत स्वस्त उपाय. पाणी फडक्यातून गाळावे, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात औषध घालावे आणि अर्धा तास थांबावे. मात्र पत्र्याच्या छपराखाली तापलेल्या पिंपात क्लोरीन लवकर नाहीसा होतो, आणि कोणी त्यात पेला बुडविला, की बोटांवरचे जंतू पुन्हा पाण्यात. म्हणून पिण्याचे पाणी अरुंद तोंडाच्या, तोटी असलेल्या भांड्यात ठेवावे. माठ असेल तर आजीचे लांब दांड्याचे ओगराळे पुन्हा बाहेर काढावे. ओगराळे म्हणजे जुन्या घरातले उत्तम आरोग्यशास्त्र होते.

हे उपाय आज करायलाच हवेत. त्यांनी मुलांचे प्राण वाचतात. पण ते तात्पुरते आहेत. शहराने शुद्ध केलेले पाणी पाइपात बिघडू द्यायचे आणि मग ते पुन्हा शुद्ध करण्याचा खर्च सर्वांत गरीब घरावर टाकायचा, ही व्यवस्था मला शास्त्राच्याही दृष्टीने चुकीची वाटते.

“पाणीच कमी आहे, दाब कोठून आणणार?” ही शंका खरी आहे. रोजच्या ३,८५० दशलक्ष लिटरांना २०११ च्या जनगणनेतील सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येने भागा. माणशी ३०० लिटरांहून अधिक येतात. लोकसंख्या तेव्हापासून वाढली, कारखान्यांना पाणी लागते, गळतीही आहे. यासाठी निम्मे वजा करा, तरी माणशी १५० लिटर उरतात. आणि कित्येक वर्षे इमारतीतील माणसासाठी १३५ व झोपडीतील माणसासाठी ४५ लिटर असे माप धरले जात होते. तेव्हा तलावातील पाण्याइतकेच त्याचे वाटप आणि गळती यांकडेही बघायला हवे.

टेकडीचे म्हणाल, तर दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब लागतो. तीस मीटर चढावर तीन किलो. तेथे पंप आणि टाकी हवीच. १५ लिटरचा हंडा तीस मीटर वर नेण्याचे कार्य सुमारे ४,४०० जूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. पंपाने निम्मी ऊर्जा वाया घालविली, तरी एका युनिटात ४०० हंडे वर जातात. माणशी ४५ लिटरांच्या मापाने हे पंचवीसएक कुटुंबांचे दिवसभराचे पाणी. एका युनिटाचे हे काम आज कित्येक मुली शाळेपूर्वी डोक्यावरून करीत आहेत.

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, पिण्याचे पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि झोपडी केव्हा बांधली यावरून ते सर्वस्वी नाकारता येणार नाही, असे म्हटले. हे करता येते याची उदाहरणेही आहेत. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू केले. ओडिशातील पुरी शहरात जुलै २०२१ पासून नळाचे पाणी थेट पिता येईल अशी व्यवस्था झाली. ही गावे मुंबईपेक्षा लहान आहेत, हे मान्य. पण मुंबईतही काम एकदम करावे लागत नाही; एकेक टेकडी, एकेक वस्ती घेता येते.

तुम्ही काय कराल? ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. औषधी पट्टी असलेल्या बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवायचे. मैलाजन्य जंतू असतील तर ते बहुधा एक-दोन दिवसांत काळे पडते. शिक्षकांनी अशा बाटल्या मागवाव्यात. वर्गातील मुलांनी आपापल्या नळाचे पहिल्या पाच मिनिटांचे पाणी आणि अर्ध्या तासानंतरचे पाणी तपासावे, पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते हे महिनाभर लिहावे आणि वस्तीच्या नकाशावर मांडावे. वापरलेल्या बाटल्या जंतुनाशक घालूनच टाकाव्यात. तो नकाशा घेऊन आपल्या विभागाच्या जलअभियंत्यांना भेटा. तक्रारीच्या अर्जापेक्षा मोजलेल्या आकड्यांना उत्तर देणे अधिक भाग पडते.

त्या मुलाने आपल्या नळाची वही लिहायला सुरुवात केली आहे. तुमची वही कधी सुरू होते?