फेसाचे भांडवल

दाढी ही काय लिहिण्यासारखी गोष्ट आहे, असे म्हणून पान उलटू पाहणाऱ्या वाचकाला मी एवढेच विचारतो: जे काम आपण रोज सकाळी स्वतःच्या गळ्यावर पाते ठेवून करतो, ते आपल्याला कोणी शिकवले? बहुतेकांना जाहिरातीने शिकवले. माझे भांडण त्या शिक्षकाशी आहे.

हे भांडण मी पिंपरी-चिंचवडमध्ये बसून मांडतो, याला कारण आहे. भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये जाऊन पाहा. लेथवरचा टर्नर टूलचा कोन नजरेने जोखतो, कट किती घ्यायचा ते ठरवतो, टूल बोथट झाले की आवाजावरून ओळखतो. हाच गृहस्थ सकाळी आरशापुढे उभा राहिला की सारी विद्या खुंटीला टांगतो! डबा दाबून आलेला फेस कोरड्या गालाला फासतो, पाच पात्यांचे यंत्र जोराने ओढतो आणि मानेवर पुरळ उठले म्हणजे आणखी महाग यंत्र आणतो. पोलादाला जो मान, तो स्वतःच्या कातडीला नाही!

ही पाच पाती आली कोठून? सुट्या पात्याच्या यंत्राचे पेटंट जिलेटला अमेरिकेत १९०४ साली मिळाले. १९२१ मध्ये त्याची मुदत संपली आणि तसली पाती करायला इतरांना मोकळीक झाली. आज कोणत्याही कारखान्याचे दुधारी पाते कोणत्याही दुधारी यंत्रात बसते. एम-८ चा नट कोणत्याही दुकानातून आणला तरी चालतो, तसेच. ग्राहकाची ही सोय विक्रेत्याला कशी परवडावी? १९७१ मध्ये दोन पाती आली, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. आणि पाती बसवलेले डोके त्या त्या दांड्याच्याच मापाचे! दांडा एकदा घ्या, डोकी जन्मभर घ्या. शिवाय पुढचे पाते केस ओढते आणि मागचे तो कातडीच्या पातळीखाली कापते. राठ, वळणदार केस मग आतल्या आत वाढतो आणि फोड येतो. एका धारदार पात्याने जे काम होते, त्याला पाच लावण्यात गालाचे हित मला तरी दिसत नाही.

आता क्रीम. दाढीचे क्रीम म्हणजे मुळात पोटॅशचा मऊ साबण: स्टिअरिक आम्ल, खोबरेलातली आम्ले, ग्लिसरीन आणि पाणी. नळीच्या पाठीवर हे छापलेले असते. आपण मात्र नळीच्या पोटावरचे चित्र पाहतो. मेंथॉलने गार वाटते, केस मऊ होत नाही. केस मऊ करते ते पाणी, आणि ते केसावर धरून ठेवणे हे फेसाचे काम. म्हणून कोमट पाण्याने तोंड धुवावे, बदामाएवढे क्रीम घ्यावे आणि ब्रशने दोन मिनिटे फेस घोटावा. तो दह्यासारखा दाट, चकाकता हवा. हवेने फुगलेला नको.

आणि पाणी कोणते? शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन हे शब्द पाठ केले आणि विसरलो. रावेतला उचललेले पवनेचे पाणी सुफेन. टँकरने येणारे बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन. त्यातले कॅल्शियम साबणाला धरते आणि फेसाऐवजी साका उरतो. अशाच पाण्यात कूलंट फाटते, हे कारखान्यात कोणाला सांगावे लागत नाही! तेव्हा क्रीमची परीक्षा आपल्या घरच्या पाण्यात घ्यावी. वाटीत घोटलेला फेस पाच मिनिटे टिकला तर ते क्रीम आपले. वास शेवटी हुंगावा. फेस बसला तर पाणी उकळून, निवळून पुन्हा पाहावे, आणि मगच क्रीमला नावे ठेवावीत.

हत्यार चालवण्याची रीतही दोन वाक्यांची आहे. पाते कातडीशी सुमारे ३० अंशांत धरावे, दाब देऊ नये, दांड्याच्या वजनाने काम होऊ द्यावे. केस कोणत्या दिशेने वाढतो ते बोटांनी चाचपून प्रथम त्याच दिशेने जावे; गुळगुळीत हवीच असेल तर पुन्हा फेस लावून आडवे.

‘पहिल्या पाळीची बस चुकेल,’ असे कोणी म्हणेल. मग त्या दिवशी एकच हात फिरवा! चाकणच्या बसमध्ये किंचित खरखरीत गाल घेऊन बसल्याने कोणाचे उत्पादन घटत नाही. वेळ नाही ही सबब मला पटत नाही, कारण डबा आणि पाच पाती विकत घेण्यासाठी जे पैसे लागतात, तेही कोणाच्या तरी जादा पाळीतूनच येतात.

दुधारी पात्याविरुद्ध एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. कचऱ्यात सुटे टाकलेले पाते कचरा वेचणाऱ्या बाईचे बोट कापते. म्हणून वापरलेली पाती चीर पाडलेल्या पत्र्याच्या डबीत साठवावीत, डबी भरली की चिकटपट्टीने बंद करावी, वर ‘पाती’ असे लिहावे आणि ती तिच्या हाती सांगून द्यावी. एवढे ज्याला जमणार नाही, त्याने खुशाल दाढी वाढवावी.