पर्यावरणाचा तास वेगळा कशाला?



जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. म्हणून शाळा उघडल्यावर आपण तो उशिराने साजरा करतो. भित्तिपत्रके लागतात, घोषणा होतात, चार रोपे लावली जातात. त्यात वाईट काही नाही. पण आम्हा विज्ञान शिकवणाऱ्यांचे मत असे, की हवामान बदल हा विषय निबंधाच्या वहीतून काढून विज्ञानाच्या तासाला आणावा. तो ज्या नियमांवर उभा आहे ते बहुतेक सगळे माध्यमिकच्या पुस्तकांत आधीच आहेत. फक्त त्यांची गाठ कोणी घालून देत नाही.

घरातला गॅसचा सिलिंडर घ्या. आत १४.२ किलो गॅस असतो आणि तो संपेपर्यंत सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चौदाचे बेचाळीस कसे झाले, असे मुले विचारणारच. तेव्हा फळ्यावर ब्यूटेनचे समीकरण मांडावे. ५८ ग्रॅम ब्यूटेन जळून १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. वजन वाढले ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. जळाले म्हणजे नाहीसे झाले, हा समज एका गणिताने जातो. १९५८ मध्ये हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता, आज तो ४२० च्या पुढे आहे. नळीने फुंकर मारली की चुन्याची निवळी दुधाळ होते, हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. तोच वायू समुद्रात विरघळतो आणि पाण्याचा सामू हळूहळू उतरतो.

आता आपल्या तापीकडे येऊ. आपल्यापैकी पुष्कळांची गावे खानदेशात. भुसावळला दिसते तीच नदी पुढे उकाई धरणात साठते आणि सुरतेहून समुद्राला मिळते. ऑगस्ट २००६ चा पूर ज्या घरांनी पाहिला, तिथे त्याच्या आठवणी अजून निघतात. पण त्या पुरात केवढे पदार्थविज्ञान होते ते मुलांना कोणी सांगत नाही. उकाईचा विसर्ग ९ लाख क्युसेकच्या आसपास गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तेव्हा गुणाकार मुलांनीच करावा; उत्तर सेकंदाला अडीच कोटी लिटर येते. त्यात ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा. पौर्णिमेची भरती मोठी असते आणि भरतीच्या वेळी नदीचे पाणी समुद्रात सहज उतरत नाही.

हा पूर एकट्या हवामान बदलाने आला असे आम्ही म्हणणार नाही. धरणातून पाणी कधी आणि किती सोडावे हा प्रश्नही त्यात होता, आणि त्यावर तेव्हा भरपूर वाद झाला. पण दोन गोष्टी पक्क्या आहेत. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मुसळधार पावसाचा जोर वाढतो. आणि तापलेले पाणी प्रसरण पावते, शिवाय जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो, म्हणून समुद्राची पातळी चढते. १९०१ पासून ती जगभर सरासरी २० सेंटीमीटर वाढली आहे. (पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही. का, ते आर्किमिडीजला विचारा.) म्हणजे पुढचा मोठा पूर आणि पौर्णिमा एकत्र आली, तर भरती आधीच थोडी उंचावरून सुरू होईल.

उष्म्याचे तर विचारूच नका. जळगावच्या ४४ अंशांत घाम वाळतो, इथल्या ३७ अंशांत तो अंगावरच राहतो. घामाचे बाष्प होताना ते शरीरातली उष्णता घेऊन जाते, यालाच पुस्तकात अप्रकट उष्मा म्हटले आहे. हवा दमट असेल तर हे काम अडते. लूमच्या खात्यात किंवा डाईंग मिलमध्ये बारा तास उभे राहणाऱ्या पालकांना हे समजावण्याची गरज नाही. पण त्यांच्या मुलांना त्याचे माप घेता आले पाहिजे. दोन तापमापी पुरतात. एकीच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळायचे. ही ओली तापमापी ३५ अंशांवर गेली, तर सावलीत स्वस्थ बसलेले निरोगी शरीरही फार तास तग धरत नाही. अंगमेहनत करणाऱ्याला त्याच्या कितीतरी आधी त्रास सुरू होतो. नुसत्या तापमानाच्या बातमीतून हे कळत नाही.

बोर्डाच्या परीक्षेमुळे वेळ कुठे उरतो, असे काही पालक म्हणतील. आम्ही नवीन धडा मागत नाही. पुस्तकातले उदाहरण दहा मिनिटांत सांगून होते, त्याच दहा मिनिटांत तापीचे सांगता येईल.

या सत्रापासून व्हरांड्यात कोरडी आणि ओली अशा दोन्ही तापमापी टांगत आहोत. नववीची मुले रोज दुपारी दोन वाजता नोंद करतील. मालकाची परवानगी असेल तर कारखान्यातली नोंदही एखाद्या पालकाने आणून द्यावी, ती त्याच वहीत शेजारच्या रकान्यात लिहिली जाईल.