लिलावातले विमान

अमेरिकेत एका नव्या मोटारीच्या किमतीत दोन आसनांचे जुने विमान विकत मिळते, हे आपल्याकडे अनेकांना खरे वाटणार नाही. त्या देशात मात्र हा व्यवहार नित्याचा आहे, आणि आता तो घरबसल्या, संगणकाच्या पडद्यावर बोली लावून होऊ लागला आहे. १९९५ साली सुरू झालेल्या ‘ईबे’ या संकेतस्थळावर २००१ साली एक गल्फस्ट्रीम जेट ४९ लाख डॉलरांना विकले गेले, तेव्हा त्याचा बराच गाजावाजा झाला. परंतु जेट विकत घेणाऱ्यांची चिंता इतरांनी करण्याचे कारण नाही. त्यांच्या पदरी वकील असतात, तंत्रज्ञ असतात. प्रश्न आहे तो आयुष्याची शिल्लक एका बोलीवर लावणाऱ्या पगारदार हौशी वैमानिकाचा.

ही विमाने इतकी जुनी का, हे आधी पाहिले पाहिजे. १९७८ साली अमेरिकन कारखान्यांनी खासगी वापराची १७ हजारांहून अधिक विमाने बनविली. १९९४ साली हा आकडा एक हजाराच्याही खाली आला होता. अपघातांच्या खटल्यांतील नुकसानभरपाईच्या धास्तीने सेस्ना कंपनीने १९८६ साली पिस्टन इंजिनाची लहान विमाने बनविणेच थांबविले. उत्पादकाची जबाबदारी १८ वर्षांपुरती मर्यादित करणारा कायदा १९९४ साली झाल्यावर ते काम पुन्हा सुरू झाले खरे; तरी बाजारात आज फिरणारी विमाने बव्हंशी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचीच आहेत.

लिलावाच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास आढळते: ‘संपूर्ण दुरुस्तीनंतर इंजिन अवघे दोनशे तास चालले आहे.’ हौशी ग्राहकाला ही जमेची बाजू वाटते. वस्तुतः हे दोनशे तास किती वर्षांत झाले, हे त्याने प्रथम विचारावयास हवे. लायकमिंग बनावटीच्या इंजिनांत झडपा उघडणारा कॅमशाफ्ट वरच्या भागात असतो. विमान नुसते उभे राहिले की त्यावरील तेल निथळून जाते, दमट हवेने गंज धरतो, आणि पुढे इंजिन चालू लागले म्हणजे तो गंजलेला भाग झिजत जातो. म्हणूनच कंपनी तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा सांगते; अनेक इंजिनांसाठी ती २,००० तास किंवा १२ वर्षे, जे आधी भरेल ते, अशी आहे. खासगी मालकावर ही शिफारस बंधनकारक नाही. पंधरा वर्षांत दोनशे तास उडालेल्या विमानापेक्षा, दर आठवड्यास शिकाऊ वैमानिकांना घेऊन हजार तास उडालेले विमान पुष्कळदा अधिक भरवशाचे ठरते. छायाचित्रात मात्र पहिलेच देखणे दिसते, कारण ते हँगरच्या सावलीतून फारसे बाहेर पडलेलेच नसते! आणि संपूर्ण दुरुस्ती पुन्हा करावी लागली, तर तिचा खर्च स्वस्त विमानाच्या किमतीच्याच घरात जातो.

उभ्या विमानाची किंमत कशी उतरते, हे मुंबईकरांनी पाहिले आहे. विजय मल्ल्या यांच्या जप्त विमानासाठी १५२ कोटी रुपयांची राखीव किंमत ठरली असता २०१६ साली बोली आली ती एक कोटीच्या आसपास. अखेर २०१८ साली ऑनलाइन लिलावात ते सुमारे ३५ कोटींना गेले. तेथे बोली लावणारे व्यावसायिक होते. ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीचा अर्थ त्यांना कळत होता.

विक्रेता लबाडच असतो असे नव्हे. पुष्कळदा वृद्ध वैमानिक निवर्तलेला असतो आणि मुलांना त्यातले काही कळत नसते. ती खोटे सांगत नाहीत. सांगण्याजोगे त्यांना ठाऊक नसते. जे असते ते लॉगबुकांत: सांगाडा, इंजिन व पंखा यांचा इतिहास, झालेले अपघात, सक्तीच्या सुरक्षा-आदेशांची पूर्तता. शिवाय मालकीचा प्रश्न वेगळाच. अमेरिकन विमानांची नोंदणी ओक्लाहोमा सिटी येथे होते. पण ते प्रमाणपत्र मालकीचा पुरावा मानले जात नाही. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्का’त बँकेचा बोजा आहे की काय, हे पाहिल्याखेरीज आपल्याकडचा शेतकरी इसार देत नाही. विमानावरही सावकाराचा बोजा असू शकतो, आणि तो विमानाबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

या सर्व चौकशीला वेळ लागतो, आणि लिलाव नेमका तोच देत नाही. मुदत थोड्या दिवसांची, विमान दोन हजार मैलांवर, आणि शेवटच्या तासात चढत जाणारी बोली. ‘नुकतीच वार्षिक तपासणी झाली आहे’ या शब्दांवर ग्राहक विसंबतो. ती तपासणी विक्रेत्याच्या मेकॅनिकने केलेली असते. खरेदीपूर्व तपासणी कशी असावी, याची व्याख्या अमेरिकन विमान-नियमांत नाही.

ग्राहकाने आपले हित आपण पाहावे, सरकारने वा बाजार चालविणाऱ्याने मध्ये पडू नये, असा युक्तिवाद तेथे केला जातो. जुन्या घड्याळापुरता तो ठीक आहे. विमानात शेजारी बसणारा मित्र आणि ज्याच्या छपरावरून ते जाते तो गृहस्थ, यांनी बोली लावलेली नसते. लॉगबुकांची सर्व पाने दाखविल्याशिवाय विमान लिलावात घेऊ नये, आणि ग्राहकाच्या मेकॅनिकची तपासणी होईपर्यंत बोलीची रक्कम तिऱ्हाइताकडे अनामत राहावी, एवढ्या दोन अटी लिलाव चालविणाऱ्यांनी घातल्या तरी पुरेसे होईल. त्यांचे काही सौदे मोडतील, हे उघड आहे.