डाळीचा चुरा, कोंबडीचे खाद्य आणि एक फसवी टक्केवारी

११ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेल्या कडधान्य आत्मनिर्भरता अभियानाची चर्चा प्रामुख्याने दोन आकड्यांभोवती झाली : ११,४४० कोटी रुपयांची तरतूद आणि २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य. तिसऱ्या आकड्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. या अभियानात एक हजार प्रक्रिया केंद्रे उभारायची आहेत. जिथे डाळ भरडली जाते, तिथे कणी, चुरा आणि टरफलेही निघतात. हा माल आजवर चुनी म्हणून बहुतांशी गुरांपुढे जात आला आहे. त्यातील योग्य भाग कोंबडीखाद्यात आणण्याचा विचार आताच व्हायला हवा, असे माझे मत आहे.

याचे कारण सोयाबीन. आपल्या कुक्कुटपालनातील प्रथिनांचा मुख्य आधार सोयापेंड आहे आणि उत्पादनखर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाद्यावर जातो. २०२१ मध्ये सोयापेंडीचे भाव भडकले, तेव्हा जनुकीय परिवर्तित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास केंद्राला परवानगी द्यावी लागली. एकाच पिकावर विसंबण्याची किंमत शेवटी अंड्याच्या भावातून वसूल होते आणि गरिबाच्या ताटातले सर्वांत सोपे प्रथिन महाग होते.

मग कोंबड्यांना थेट तूर-हरभरा घालावा काय? मुळीच नाही. जो देश माणसांसाठी तूर, मसूर आणि वाटाणा आयात करतो, त्याने ताटातली डाळ खुराड्यात नेणे शहाणपणाचे नाही. प्रश्न उरतो तो ताटापर्यंत न पोहोचणाऱ्या कणी-चुऱ्याचा.

पोषणाच्या दृष्टीने हा माल सामान्य नाही. सोयापेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात, तर तूर-हरभऱ्यात साधारण २० ते २२ टक्के. मात्र मक्यात कमी पडणारे लायसिन कडधान्यांत भरपूर असते. उणीव असते ती मेथिओनिनची आणि ती बाहेरून भरून काढता येते. टरफले वेगळी करणे मात्र आवश्यक आहे. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव तंतू पचवतात. कोंबडीजवळ ती सोय जवळजवळ नाही. शिवाय टॅनिनचा मोठा भाग टरफलातच असतो.

खरी अडचण मोजमापाची आहे. भौतिकशास्त्रात पहिला धडा मिळतो तो हा, की उपकरण नेमके काय मोजते ते आधी विचारावे. खाद्याच्या पोत्यावर छापलेली 'कच्ची प्रथिने' ही प्रत्यक्षात प्रथिने नसतातच. १८८३ मध्ये योहान केल्डाल यांनी मांडलेल्या पद्धतीने नायट्रोजन मोजला जातो आणि त्याला ६.२५ ने गुणले जाते. या हिशेबाने ४६ टक्के नायट्रोजन असलेल्या युरियात २८७ टक्के प्रथिने निघतात!

हा केवळ विनोद नव्हे. कच्च्या कडधान्यातील ट्रिप्सिन-अवरोधक प्रथिनांचे पचन अडवतात. उष्णता दिली की ते निष्प्रभ होतात. परंतु उष्णता अधिक झाली, तर लायसिन शर्करेशी बांधले जाते आणि पक्ष्याला मिळत नाही. कच्चा, नीट भाजलेला आणि करपलेला, असे एकाच चुऱ्याचे तीन नमुने घ्या. नायट्रोजनचा आकडा तिघांचा जवळपास सारखाच येईल. कोंबडीसाठी मात्र ते तीन वेगळे पदार्थ आहेत. जोवर भाव या आकड्यावर ठरतो, तोवर नीट प्रक्रिया करणाऱ्याला तिचा मोबदला मिळणार नाही आणि चुरा स्वस्त, अविश्वसनीय मालच राहील.

म्हणून नव्या प्रक्रिया केंद्रांत कणी आणि टरफले वेगळी साठवली जावीत आणि चुऱ्याचे मूल्य पचनीय अमिनो आम्लांवर ठरावे. अवरक्त किरणांच्या वर्णपटावरून काही मिनिटांत अंदाज देणारी यंत्रे मोठ्या खाद्यकारखान्यांत आजही वापरात आहेत. परंतु यंत्राचा अंदाज त्याच्या अंशांकनाइतकाच खरा असतो. आपल्या तुरीच्या, उडदाच्या, मसुराच्या चुऱ्यासाठी ते अंशांकन पक्ष्यांवरील पचनचाचण्यांतूनच तयार करावे लागेल. इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आणि हैदराबादचे कुक्कुट संशोधन संचालनालय या कामाचे नेतृत्व करू शकतात. तयार होणारी माहिती सर्वांना खुली असावी, म्हणजे लहान गिरणीवाल्यालाही तिचा उपयोग होईल.

विद्यार्थिमित्रांनो, वर्णपटाचे गणित शिकताना त्याचा उपयोग दूरच्या ताऱ्यांसाठी होतो हे आपण आवर्जून सांगतो. तेच गणित एका अंड्याची किंमतही ठरवू शकते. या क्षेत्राला पशुवैद्यकांइतकीच मोजमाप जाणणाऱ्यांचीही गरज आहे.